अठरा की सतरा

ऑफिसात त्याला अर्धविराम म्हणत. बावीस-तेवीस वर्षांचा असताना, पहिल्याच नोकरीत, त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक अर्धविराम द्यायचा राहिला आणि एका ग्रंथालयाची अख्खी वेबसाइट दिवसभर पांढरीफटक पडून राहिली. चूक सापडली तेव्हा साहेबांनी त्याला बोलावलं, पडद्यावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं आणि एक शब्दही न बोलता चहा प्यायला निघून गेले. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ते त्याच्या बोलण्यालाही शोभतं. “मला वाटतं की” एवढं म्हणून तो खिडकीबाहेर बघायचा, आणि समोरच्याला कळायचं नाही की वाक्य संपलंय की अजून यायचंय.

आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता. नोकरी सोडून घरच्या मागच्या खोलीत बसून स्वतःची कामं करायचा. अकरा वेबसाइटी त्याच्या अंगावर होत्या: एक टायरचं दुकान, एक गाण्याचा क्लास, दोन शाळा, कुत्र्यांचं पाळणाघर, असं काय काय. त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचं फिजिओथेरपीचं केंद्र. गुडघे, खांदे, मणके घेऊन लोक तिथे यायचे, आणि यायच्या आधी त्याच्या वेबसाइटवर वेळ नोंदवायचे.

धंदा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला होता. पूर्वी पानावरची ओळ न् ओळ तो स्वतः लिहायचा. कुठे काय आहे ते अंधारातही सांगू शकला असता. आता तसं नव्हतं. आता मोठमोठे प्लॅटफॉर्म होते. तिथे भिंती तयार, दारं तयार, आपण फक्त कुठे लावायची ते सांगायचं. काम झटपट व्हायचं, नाही असं नाही. पण ज्या घरात आपण राहतोय त्याच्या भिंतीत काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, ही टोचणी त्याला असायची. त्यात तो प्लॅटफॉर्म दर पंधरा दिवसांनी कूस बदलायचा. काल जिथे ‘सेटिंग’ लिहिलेलं होतं तिथे आज ‘अनुभव’ असायचं. ‘अनुभव’ दाबलं की ‘प्रवास’ उघडायचा. प्रवासात चार पायऱ्या उतरल्यावर कुठेतरी जुनं सेटिंग सापडायचं, तेही फिक्या रंगात, आणि त्याच्या डोक्यावर पिवळी पट्टी: ‘ही सोय लवकरच बंद होत आहे.’

“म्हणजे नवीन सोय कुठे आहे?” बायको विचारायची. ती बँकेत होती, तिला सरळ उत्तरं आवडत.

“ती अजून आलेली नाही.”

“मग जुनी बंद का करतायत?”

“मला वाटतं की,” अर्धविराम म्हणायचा, आणि खिडकीबाहेर बघायचा.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आत्या. वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नव्हतं. तेहेतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं होतं तिने. म्हणजे छापायला जाण्याआधी शेवटची नजर तिची. निवृत्त झाल्यावरही नजर काही निवृत्त झाली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की दुकानाची पाटी, आत्याचं बोट चुकीवर जाऊन टेकायचं. अर्धविरामाच्या लग्नाच्या पत्रिकेत तिने छापून झाल्यावर सात चुका काढल्या होत्या, आणि त्यातली एक नवरीच्या नावात होती. बायको अजून त्या गोष्टीवरून हसायची.

उजवा खांदा आखडला तेव्हा आत्या आपलं एका खोलीचं घर बंद करून यांच्याकडे राहायला आली. खांद्यासाठी दर गुरुवारी तिला त्याच केंद्रात जायचं होतं. “माझी वेळ मी नोंदवणार,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. “तुझं पान आहे ना? मग बघू तरी काय दिवे लावलेस.”

टॅबलेटवर ती डाव्या हाताच्या एका बोटाने काम करायची. सुरुवातीला तारीख आकड्यांत टाइप करावी लागायची, तेव्हा तिला ते जड जायचं, पण जमायचं. मग एका सोमवारी पानावर कॅलेंडर आलं. ठसठशीत आकडे, हव्या त्या तारखेवर बोट टेकवलं की काम झालं. आत्या खूश झाली. “हे बरं केलंस,” म्हणाली. अर्धविरामाने खास असं काहीच केलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर महिनाभर एक नारिंगी पट्टी लुकलुकत होती, ‘अद्ययावत करा’. तिला कंटाळून त्याने एकदाचं बटण दाबलं होतं, आणि त्यातून ते कॅलेंडर आलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी आत्या केंद्रातून अर्ध्या तासात परत आली. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली.

“एवढ्यात झालं?” बायकोने विचारलं. तिला त्या दिवशी सुट्टी होती.

“माझी वेळ काल होती म्हणे.”

“काल? काल तर बुधवार.”

“तेच तर. मी गुरुवारच लावला होता. डायरीतही लिहिलंय.” तिने डायरी उघडून दाखवली. गुरुवारच्या पानावर तिच्या टपोऱ्या अक्षरात ‘खांदा, सकाळी दहा’ असं लिहिलेलं होतं.

अर्धविरामाने मागच्या खोलीत जाऊन नोंदी पाहिल्या. आत्याच्या नावापुढे स्वच्छ बुधवार होता. त्याने स्वतः एक खोटी नोंद करून पाहिली, गुरुवारची. गुरुवारच पडली. आणखी एक केली. बरोबर पडली.

“बोट सरकलं असेल आत्या,” तो बाहेर येऊन म्हणाला. “शेजारशेजारचे तर चौकोन असतात.”

आत्याने डायरी मिटली. “असेल,” ती म्हणाली. तिने आयुष्यात हा शब्द फारसा वापरला नव्हता.

पुढच्या वेळी तिने चष्मा पुसून, टॅबलेट टेबलावर सपाट ठेवून गुरुवार लावला. आणि त्या गुरुवारी पुन्हा तेच झालं. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्यापुढे रांग होती. “आजी, वेळ काल होती. दुसऱ्यांदा होतंय हे. तिसऱ्यांदा झालं की नोंदणी आपोआप बंद होते, मी काही करू शकत नाही.” तो नियम केंद्राच्या डॉक्टरबाईंनी सांगितला होता आणि त्याची वाक्यं अर्धविरामाने लिहिली होती: ‘आपण दोनदा गैरहजर राहिला आहात. कृपया इतरांच्या वेळेचा मान राखा.’ तो मेसेज त्याच्याच फोनवर आला, कारण आत्याच्या नावापुढे त्याने आपला नंबर दिला होता. त्याआधी ‘बुधवारची वेळ नोंदली गेली आहे’ हाही आला होता. दिवसाला असे चाळीस मेसेज यायचे, कुठला वाचणार!

त्या संध्याकाळी बायको हळूच म्हणाली, “मला एक बोलायचंय. त्यांचं थोडं विसरायला होतंय का?”

“एक दिवसाचा तर घोळ आहे.”

“मागच्या आठवड्यात गॅसवर पाणी ठेवून विसरल्या होत्या.”

“ते मीही विसरतो.”

“तू आधीपासूनच तसा आहेस,” ती म्हणाली. “त्या तशा नव्हत्या.”

एकदा मनात हे आलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. आत्याने मीठ दोनदा विचारलं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आत्या एका शब्दासाठी अडली, दोघांनी तो पुरवला. ती काही आंधळी नव्हती, तिला ती नजरानजर दिसत होती. हळूहळू ती दिवसातून चार-चार वेळा डायरी उघडून बघायला लागली. पेपर हातात घेतला की आधी वरची तारीख वाचायची, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवायची, मग पुन्हा पेपर. दुकानाच्या पाट्यांवरून तिचं बोट नाहीसं झालं. एकदा कोपऱ्यावरच्या नव्या पाटीत ‘दुरूस्ती’ असं लिहिलेलं होतं. रू दीर्घ. अर्धविराम मुद्दाम थांबला, ती काहीतरी बोलेल म्हणून. ती म्हणाली, “चल, ऊन लागतंय.”

तिकडे केंद्राच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. गैरहजर राहणाऱ्यांची संख्या वाढत होती. लोकांना शिस्त नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. “मेसेज जरा कडक करता येईल का?” त्यांनी विचारलं.

“किती वाढलीय?” त्याने विचारलं.

“दुप्पट तरी.”

आता मात्र त्याला शंका आली. एका माणसाचं बोट सरकू शकतं. सगळ्या गावाची बोटं एकदम कशी सरकतील? त्याने डॉक्टरबाईंना दोन दिवस मागितले आणि दार लावून बसला.

त्याने नोंदी केल्या. वीस, तीस, चाळीस. सोमवार टाकला, सोमवार पडला. शनिवार टाकला, शनिवार पडला. महिन्याची शेवटची तारीख टाकली, तीही पडली. बायकोच्या फोनवरून केल्या, बरोबर. शेजाऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवरून केल्या, बरोबर. चुकणारं यंत्र कधीतरी चुकलेलं दिसायला हवं ना? हे दिसतच नव्हतं. ताप आलाय असं सगळे म्हणतायत आणि थर्मामीटर काही हलत नाही, अशी गत.

मग त्याने प्लॅटफॉर्मच्या मदतकक्षात प्रश्न टाकला. तिथे माणूस नव्हता, आपोआप बोलणारी चौकट होती. ‘आपली गैरसोय मला समजली!’ ती म्हणाली. ‘आपण पान पुन्हा उघडून पाहिलंत का?’ त्याने पाहिलं होतं. ‘छान! आपला प्रश्न सुटला का?’ नव्हता सुटला. ‘आपली गैरसोय मला समजली!’

एका जुन्या चर्चेत त्याला नेमका हाच प्रश्न सापडला. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी विचारला होता: काही लोकांच्या तारखा एक दिवस मागे पडतात, का? खाली त्याच माणसाने दोन दिवसांनी लिहिलं होतं, ‘सापडलं कारण, धन्यवाद.’ बस. पुढे काही नाही. अर्धविराम त्या तीन शब्दांकडे कितीतरी वेळ बघत राहिला. असा राग त्याला सख्ख्या नातेवाइकांचाही आला नव्हता.

शेवटी त्याने एका नव्या हुशार साधनाला विचारलं, ज्याला प्रश्न लिहिला की ते अख्खा प्रोग्रॅम वाचून उत्तर देतं. साधनाने ठासून सांगितलं की चूक मेसेज पाठवण्याच्या भागात आहे. अर्धविरामाने तो भाग बदलला. मेसेज जायचेच बंद झाले. ‘आपलं बरोबर आहे,’ साधन म्हणालं, ‘खरी चूक साठवण्याच्या भागात आहे.’ तो बदलला, तर केंद्राच्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या पेशंटांची नावं उलटी दिसायला लागली. काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. “इथे एक गृहस्थ आहेत, आपलं नाव कुठल्या भाषेत लिहिलंय म्हणून विचारतायत.” त्याने सगळं पूर्ववत केलं. दोन दिवस संपले. त्याच्याजवळ पाच कारणं होती, पाचही पटण्यासारखी, आणि पाचही चुकीची.

त्याने डॉक्टरबाईंना फोन केला. “मला वाटतं की,” तो म्हणाला.

त्या वाट बघत राहिल्या. “काय वाटतं?”

“पानात दोष दिसत नाही.”

हे खोटं नव्हतं. त्याला दिसला नव्हता. मेसेज थोडा कडक करून दिला.

त्याच आठवड्यात बायकोने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आत्याने विरोध केला नाही, हेच जास्त भीतिदायक होतं. डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने रेखीव काढलं, बारा आकड्यांसकट. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, भराभर केले. मग त्यांनी विचारलं, “आज तारीख काय?”

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळीच तिने पेपरवर वाचली होती, भिंतीवर बघितली होती. तिने अर्धविरामाकडे पाहिलं.

“याला विचारा,” ती म्हणाली.

“तुम्ही सांगा ना. जी वाटते ती.”

“मला वाटते ती बरोबर नसते हल्ली,” आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी अर्धविरामाला बाजूला घेऊन सांगितलं की सध्या काळजीचं नाही, पण किंचित शंका घ्यायला जागा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. रिक्षात आत्याने त्याच्या हातातला कागद मागून घेतला, शांतपणे वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर तिने आपल्या घराची किल्ली काढून बायकोपुढे ठेवली. “तुझ्याकडे असू दे. मी कुठे ठेवली ते मला आठवलं नाही तर उगाच पंचाईत.”

बायको मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. अर्धविराम त्या किल्लीकडे बघत उभा होता. त्याला एकदम जाणवलं की या सगळ्या दिवसांत त्याने चाळीस नोंदी स्वतः केल्या, शेजाऱ्याच्या घरी जाऊन केल्या, पण आत्या ती नोंद करताना शेजारी बसून एकदाही बघितलं नाही. तिचं चुकतंय हे धरूनच तो चालला होता.

“आत्या, पुढच्या गुरुवारची वेळ लावायचीय. तू लाव. मी बसतो.”

“नको. तूच लाव. आता मी त्या भानगडीत पडणार नाही.”

“एकदाच.”

“तुला गंमत वाटतेय का रे?” तिचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला. “एकदा चुकलं, दोनदा चुकलं, डॉक्टरसमोर शोभा झाली, आता तुझ्यासमोर करून दाखवू?”

“मला चूक बघायचीय,” तो म्हणाला. या वेळी मध्ये थांबला नाही. “तुझी नाही. चूक, जी कुणाची असेल ती.”

तिने टॅबलेट ओढून घेतला. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं, त्यात पडद्यावरचे बोटांचे ठसे दिसत होते. तिने पान उघडलं. नाव लिहिलं. कॅलेंडर उघडलं. डावं बोट अठरा तारखेवर, गुरुवारवर आणलं आणि टेकवलं. चौकोन निळा झाला. अठरा.

“बघितलंस? अठरा आहे ना?”

“अठराच आहे.”

“गुरुवार आहे ना?”

“गुरुवार.”

तिने खालचं हिरवं बटण दाबलं. दोन क्षणांनी त्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून बघितला आणि तिच्यासमोर धरला. *आपली वेळ बुधवार, दिनांक १७ रोजी नोंदली गेली आहे.*

आत्याने टॅबलेट जवळ ओढला आणि पुन्हा तेच केलं, तसंच सावकाश, पंचवीस तारीख. फोन थरथरला. चोवीस.

“मी पंचवीसच दाबलं,” आत्या म्हणाली. विचारत नव्हती.

“हो.”

“तू बघितलंस.”

“बघितलं आत्या.”

त्याला वाटलं होतं ती हसेल, किंवा रडेल. तिने टॅबलेट उलटा करून ठेवला आणि म्हणाली, “मग तुझं बरोबर का पडत होतं?”

हाच तर प्रश्न होता. तो मागच्या खोलीत गेला आणि आपण नोंद कशी करतो ते स्वतःच बघत बसला, परक्या माणसाला बघावं तसं. बोटं कीबोर्डवर गेली आणि तारीख टाइप करून मोकळी झाली. कॅलेंडर उघडलंच नाही. वीस वर्षांची सवय. हात कीबोर्डवरून उचलणं म्हणजे त्याला उठून बाहेर जाऊन येण्यासारखं वाटायचं. बायकोच्या फोनवर, शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर, सगळीकडे त्याने टाइपच केलं होतं. काउंटरवरच्या बाईही टाइपच करायच्या. तारीख टाइप केली की ती अक्षरांसारखी जशीच्या तशी जायची. कॅलेंडरवर बोट टेकवलं की मात्र ते नवं कॅलेंडर तारखेसोबत वेळही लावायचं, त्या दिवसाचा अगदी पहिला क्षण, रात्रीचे बारा. आणि प्लॅटफॉर्मचं घड्याळ होतं दूर कुठल्यातरी देशातल्या वेळेवर. इथे गुरुवार नुकता लागलेला असताना तिथे बुधवारची संध्याकाळ चाललेली असायची. त्यामुळे तिथल्या वहीत बुधवार पडायचा.

दुरुस्ती एका ओळीची होती. पंधरा मिनिटं लागली.

त्यानंतर लागले ते चार दिवस. कॅलेंडर आल्यापासून ज्यांनी बोट टेकवून नोंद केली अशा माणसांची यादी त्याने काढली. त्रेसष्ट जण. डॉक्टरबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी लोकांना काय काय बोलले असेन.” फोन तुम्ही करा की मी, यावर थोडं झालं. शेवटी अर्धविराम म्हणाला, मी करतो.

त्याला शिव्या खायची तयारी होती. शिव्या फक्त दोघांनी दिल्या. बाकीच्यांनी जे सांगितलं ते ऐकून तो जास्त चक्रावला. त्रेसष्टातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी मेसेज नीट वाचला होता, आपण एक दिवस लावला आणि हे त्याच्या आदला दिवस म्हणतंय हे त्यांना दिसलं होतं, आणि ते मुकाट्याने आदल्या दिवशी आले होते.

“तुम्ही विचारलं का नाहीत?” त्याने एकाला विचारलं. ते पूल बांधणारे इंजिनिअर होते, कमरेचं दुखणं.

“मला वाटलं, मीच चुकीचं दाबलं.”

एक शिक्षिका म्हणाली, “माझंच लक्ष नसतं हल्ली.” एक बस चालवणारा म्हणाला, “आमची बोटं जाड हो.” एक मुलगी म्हणाली की त्यावरून तिचं नवऱ्याशी भांडण झालं होतं, कारण तारीख त्याने लावली होती. “मग आता मी त्याची माफी मागायची का?” तिने विचारलं.

घरी त्याने आत्यासमोर बसून माफी मागितली. तिने मध्येच थांबवलं.

“तू मुद्दाम केलं नाहीस.”

“पण मी म्हणालो की बोट सरकलं असेल.”

“ते म्हणालास,” आत्या म्हणाली. “छापखान्यात एक नियम होता. मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणाचंही मुद्रित तपासायचं नाही. नुसतं बघून चूक ठरवायची नाही. माझी डायरी मूळ कागद होती रे. तू ती बघितलीस आणि मिटलीस.”

डायरी तिनेच मिटली होती असं त्याला पुसटसं आठवत होतं. पण आता कशाची खात्री देणार?

बायकोने किल्ली परत दिली. आत्याने घेतली. खांदा हळूहळू सुटला आणि ती आपल्या घरी जायची भाषा बोलायला लागली. अर्धविरामाच्या मनात आलं, आता हिनेच आपली पानं तपासून द्यावीत. त्याने विचारलंही, मोठ्या उत्साहाने.

“तुझी पानं तू तपास,” ती म्हणाली. “मी निवृत्त आहे.”

पण तो डॉक्टरांचा कागद तिच्या पर्समध्येच होता, आणि सगळ्यात अवघड गाठ तीच होती. त्या दिवशी ती तारखेला अडली ती पानाच्या चुकीमुळे अडली, की तशीही अडली असती? गॅसवरचं पाणी, दोनदा विचारलेलं मीठ, ते कशात धरायचं? वेबसाइटमधली चूक सापडल्यावर ती तशी दिसते तरी. आधीची नोंद, नंतरची नोंद, मधली ओळ. माणसात ती ओळ कुठे शोधायची हे अर्धविरामाला कळेना. बायको म्हणायची, “चूक तर निघाली ना? मग सोड की.” पण हे म्हणताना तीही जरा जास्तच ठामपणे म्हणायची.

सहा महिन्यांनी आत्या स्वतःच म्हणाली, “जाऊन येऊ. कागद अर्धवट ठेवणं बरं नाही.”

तेच तरुण डॉक्टर. त्यांनी तारीख विचारली. आत्याने तारीख, वार, महिना, साल, सगळं एका दमात सांगितलं आणि वर, “तुमच्या टेबलावरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे,” असंही सांगितलं. डॉक्टर हसले, पान उलटलं. मग त्यांनी पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवायला. थोडं इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारले. आत्याला तीन आठवले. ती चौथ्यासाठी छताकडे बघत राहिली, बोटाने मांडीवर काहीतरी लिहीत राहिली, आणि मग म्हणाली, “नाही. तीनच.”

“या वयात तीन वाईट नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “चारही असते तरी मी हेच म्हटलं असतं. वर्षाने या.”

म्हणजे चांगलं की वाईट? अर्धविरामाने विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, पण आवाज तसाच होता. “म्हणजे तीन,” ते म्हणाले.

बाहेर दोघं बसथांब्यावर येऊन उभे राहिले. वारा होता. आत्याने ओढणीसारखी शाल गळ्याभोवती घेतली आणि उजवा हात वर करून बघितला, खांदा कुठपर्यंत जातो ते. जवळजवळ पूर्ण गेला.

“ते शब्द कोणते होते रे?” तिने विचारलं. “मला आठवले ते होडी, कंदील आणि मखमल. बाकीचे दोन?”

“पूल,” अर्धविराम म्हणाला.

“पूल. बरोबर. आणि पाचवा?”

डॉक्टरांकडे तो तिच्या शेजारीच बसला होता. कान देऊन ऐकत होता. मनातल्या मनात पाचही शब्द घोकले होते त्याने, तिच्यासाठी.

“मला वाटतं की,” तो म्हणाला.

आत्याने वाट बघितली. बस आली, दार उघडलं, चालकाने दोघांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. बस गेली तरी ते दोघं तिथेच, एकमेकांकडे बघत, पाचवा शब्द आठवत उभे होते.